डोळ्याचा पडदा आणि आपला जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचे निवेदन करीत असतो. यंदा ते छापील स्वरूपात आपल्या हाती दिलेलेच आहे. ते पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. त्याऐवजी खर्चाच्या बाजूस प्रथमच स्वतंत्रपणे दाखविलेल्या एका शीर्षाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुमती अध्यक्ष महोदयांनी दिली आहे. ते शीर्ष म्हणजे ‘दृष्टिपटल तपासणी व रुग्ण प्रवास’. अंदाजपत्रक पाहून आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस सरळच विचारले, “मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेला काय लागते ते आम्हाला ठाऊक आहे. पट्टी निघाली की म्हातारी नातवाला ओळखते, पैसे सत्कारणी लागल्याचे डोळ्यांनी दिसते. हे तुमचे दृष्टिपटल म्हणजे नेमके काय, आणि त्यावर खर्च करून दिसणार काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे भाषण. आम्ही डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. नेत्रविभागातील डॉक्टरांच्या शेजारी बसून, त्यांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले तेच आपल्यापुढे ठेवीत आहोत. डॉक्टर सभागृहात उपस्थित आहेत. कोठे कमीजास्त झाल्यास ते दुरुस्ती करतील.

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची पद्धत शाळेपासून आपणांस परिचित आहे. पुढे घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल, त्यामागे उजेडाप्रमाणे लहानमोठी होणारी बाहुली, तिच्यामागे भिंग, आणि भिंगामागच्या पोकळीत जेलीसारखा स्वच्छ पदार्थ. हे भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते. पुढचे पारदर्शक पटल पांढरे पडले तर नेत्रदानातून मिळालेले पटल शिवता येते. म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचे सुटे भाग मिळतात. उजेड शेवटी ज्यावर पडतो तो मागचा पडदा मात्र सुट्या भागांच्या यादीत नाही.

हा पडदा डोळ्याच्या गोलाला आतून, कोटाला अस्तर असावे तसा लागलेला असतो. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी. एका डोळ्यातील पडदा सपाट पसरता आला तर तो मोठ्या टपाल तिकिटाएवढा, साधारण अकरा चौरस सेंटिमीटर भरेल. एवढ्याशा जागेत शरीरशास्त्राच्या पुस्तकांनी दहा थर मोजले आहेत. त्यांतल्या पेशी रेखाटण्याचे काम ज्यांनी जन्मभर केले, ते स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांना १९०६ साली इटलीच्या गॉल्जी यांच्यासमवेत मज्जासंस्थेच्या रचनेवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्याची त्यांची रेखाचित्रे आजही पाठ्यपुस्तकांत वापरली जातात.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते या थरांच्या क्रमाचे. उजेड पकडणाऱ्या पेशी सर्वांत पुढे असाव्यात असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्या सर्वांत मागे असतात आणि उजेडाला आधीचे सारे थर ओलांडून त्यांच्यापर्यंत जावे लागते. याचे कारण त्यांच्या पाठीशी असलेला काळसर पेशींचा थर. तो उजेड पकडणाऱ्या पेशींना त्यामागील रक्तवाहिन्यांतून पोषण पोचवितो आणि त्यांचा दररोज निघणारा कचरा उचलतो. पेशीचा उजेड झेलणारा भाग दररोज थोडाथोडा झिजून झडतो व नवा तयार होतो; सुमारे दहा दिवसांत तो पूर्ण बदलला जातो. पेशी स्वतः मात्र जन्मभर तीच राहते. ती एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

या पेशी दोन प्रकारच्या. दांड्यासारख्या दिसणाऱ्या दंडपेशी एका डोळ्यात नऊ ते बारा कोटींच्या दरम्यान, आणि शंकूच्या आकाराच्या शंकुपेशी पन्नास-साठ लाख. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. चांदण्यात वावर दिसते, पण पिवळे पडलेले सोयाबीन आणि हिरवी तूर यांतला फरक कळत नाही, तो यामुळे. दंडपेशींतील उजेड टिपणारे द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की दिवेलागणीनंतर ठेचकाळणे सुरू होते. आपल्या आजी-पणजी ज्याला रातांधळे म्हणत, ते हेच. देशात लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला तो याच कारणाने, आणि शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई यांचा आग्रहही त्याचसाठी.

शंकुपेशींचे काम भरपूर उजेडातले. रंग आणि बारकावा त्या दाखवितात. पडद्याच्या मध्यभागी पिवळसर छटेचा एक लहान भाग आहे, त्यास पीतबिंदू म्हणतात. त्याच्या अगदी केंद्रात केवळ शंकुपेशी दाटीने बसविलेल्या असतात आणि त्यांच्या वाटेत रक्तवाहिनीदेखील येत नाही. वाचणे, सुईत दोरा ओवणे, डाळीतले खडे वेचणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे या एका लहानशा जागेवर चालतात. उरलेला विस्तीर्ण पडदा आपणांस चालताना सांभाळतो. बाजूने येणारी बैलगाडी, पायाखालचा दगड तो दाखवितो.

येथे रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्याचा पीतबिंदू खराब झाला आहे असा माणूस अंगणातून व्यवस्थित चालत येतो, ओसरीची पायरी चुकत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या सुनेला मात्र ओळखत नाही. घरचे म्हणतात, “यांना दिसते सगळे, सोंग करतात.” तो सोंग करीत नसतो. त्याचा कडेचा पडदा शाबूत असतो आणि मधला गेलेला असतो. तपासणी कक्षाबाहेरच्या बाकावर हा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे.

आता कॅमेऱ्याची उपमा कोठे अपुरी पडते ते पाहू. कॅमेऱ्याची फिल्म तिच्यावर पडलेला उजेड जसाच्या तसा नोंदवून गप्प बसते. पडदा तसे करीत नाही. एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी नऊ-दहा कोटी, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेत तंतू असतात केवळ दहा-बारा लाख. एवढ्या नोंदी इतक्या थोड्या तारांतून जाणार कशा? आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर उजेड पकडणाऱ्या पेशी पावत्या फाडतात. पुढच्या थरांतील पेशी त्यांची किर्द लिहितात. त्याहून पुढच्या पेशी खतावणी करतात. आणि शेवटच्या थरातील पेशी ताळेबंद तयार करून मेंदूकडे धाडतात. कडा कोठे आहे, काय हालले, कोठे उजेड संपून सावली सुरू झाली, याची निवड मेंदूत पोचण्याआधी पडद्यातच झालेली असते. गर्भावस्थेत हा पडदा मेंदूच्याच पुढे आलेल्या फुगवट्यापासून घडतो. तेव्हा डॉक्टर पडदा तपासतात म्हणजे कवटी न उघडता मेंदूचा एक भागच पाहत असतात, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

यामुळेच तो बदलता येत नाही. नेत्रदानाचा अर्ज भरताना पुष्कळजण विचारतात की आमच्या डोळ्यांचा पडदा दुसऱ्यास बसवाल ना? नेत्रदानातून प्रत्यारोपण होते ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाचे. पडदा बसवायचा तर त्याचे दहा-बारा लाख तंतू एकेक करून मेंदूशी जोडावे लागतील, आणि ते कोणासही साधलेले नाही. नेत्रदान अवश्य करावे, त्याचे महत्त्व यत्किंचितही कमी होत नाही. परंतु पडदा गेलेल्या रुग्णाच्या मुलाने “माझा एक डोळा काढून बाबांना लावा” म्हणून डॉक्टरांचे पाय धरावेत, आणि डॉक्टरांना मान हलवावी लागावी, हा प्रसंग मनाला फार लागतो.

आता एक लहानसा प्रयोग येथे बसल्या बसल्या करू. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर लांब करून दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उभे धरा. उजव्या डोळ्याने केवळ डाव्या अंगठ्याकडे पाहत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या थोडे अलीकडे गेल्यावर उजव्या अंगठ्याचे टोक नाहीसे होईल. आणखी थोडे सरकविले की परत दिसेल. जेथे सारे तंतू एकत्र होऊन डोळ्याबाहेर पडतात त्या जागी उजेड पकडणारी एकही पेशी नसते. ती जागा जन्मतः आंधळी असते, आणि तरीही आपल्या नजरेत आजवर कोणास कधी भोक जाणवलेले नाही. जी जागा दिसत नाही ती मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो, आणि दुसरा डोळा उरलेली कसर भरून काढतो.

महोदय, आमच्या अंदाजपत्रकातील नव्या शीर्षाचे सारे कारण या अंगठ्याच्या प्रयोगात आहे. पडद्याला वेदनेची जाणीव नाही. तो कापला, जळला, सुजला, त्यात रक्त झिरपले तरी दुखत नाही. आणि त्याचा एखादा भाग गेला तरी मेंदू ते झाकून टाकतो. काट्याने डोळा लाल झाला की माणूस त्याच दिवशी येतो. पडदा वर्षानुवर्षे झिरपत असलेला माणूस येतो तो अगदी शेवटी. आल्यावर बहुधा म्हणतो, “डाक्टरसाहेब, मोतीबिंदू पिकला काय ते पाहा.”

असे बहुतेक रुग्ण मधुमेहाचे असतात. मधुमेहाने पडद्यात काय घडते ते थोडक्यात असे. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिली की केसाहून बारीक असलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून पाणी व रक्त झिरपू लागते. झिरपलेले पाणी पीतबिंदूपाशी साचले की वाचणे अवघड होते. काही वाहिन्या बंद पडतात. पडदा हा वजनाच्या मानाने शरीरातील सर्वांत जास्त प्राणवायू खाणाऱ्या अवयवांपैकी एक. त्याचा पुरवठा तुटला की तो नव्या वाहिन्या मागविणारी द्रव्ये सोडतो. त्यामुळे उगवलेल्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. एखाद्या दिवशी त्या फुटतात आणि डोळ्यासमोर काळा धूर पसरावा तसे रक्त भरते. पुढे त्यांच्याभोवती जाळे धरते, ते आकसते आणि पडद्याला ओढून मागच्या भिंतीपासून सोडवते. रक्तदाब वाढलेला असला की हे सारे अधिक वेगाने घडते. रक्त भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत या माणसाला दोन्ही डोळ्यांनी चांगले दिसत असू शकते, ही यातील खरी भीतीची गोष्ट.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हे आजार शहरातल्या बैठ्या माणसांचे, वाशिमच्या कास्तकाराचे नव्हेत. ही शंका अगदीच निराधार नव्हती. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून नागपूर परिसरातील खेड्यांत ३० वर्षांवरील ४,७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले. भारताच्या ग्रामीण भागातील नेत्रस्थितीचा तो एक मोठा अभ्यास मानला जातो. त्यात मधुमेहाने पडदा बिघडलेल्या व्यक्ती शंभरात एकाहूनही कमी आढळल्या. परंतु त्या काळी त्या खेड्यांत मधुमेहच तुलनेने कमी होता. मुंबईच्या धारावी परिसरात डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्यज्योत संस्थेने झोपडवस्तीतील लोकांची तपासणी केली तेव्हा मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या पडद्यावर त्याची खूण सापडली. हे लोक बैठे श्रीमंत नव्हते. पुढे २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील मधुमेहींत हे प्रमाण १६.९ टक्के आढळले. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने सांगितले की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि ग्रामीण भागातही प्रौढांमध्ये ते प्रमाण ८.९ टक्क्यांवर पोचले आहे. म्हणजे खेड्यात शंभर प्रौढ मोजले तर नऊजण. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील बाकांवर बसलेली माणसे पाहिली तर या आकड्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

येथे देणगीदार महोदयांचा मूळ प्रश्न पुन्हा घेऊ. मोतीबिंदूचे काम कमी करावयाचे आहे काय? मुळीच नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच होते. ती शिबिरे पूर्वीप्रमाणेच चालतील. परंतु त्या शिबिरांच्या यशासाठीही पडदा पाहणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया निर्दोष होते, भिंग नीट बसते, पट्टी निघते आणि रुग्ण म्हणतो, काहीच फरक नाही. भिंगातून उजेड आत गेला, पण तो झेलणारा पडदा आधीच निकामी झालेला होता. नातेवाईकांचा रोष शस्त्रक्रिया करणाऱ्यावर होतो. तो रोष आम्ही समजू शकतो. पुढे दाट मोतीबिंदू असला की मागचा पडदा दिसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी आधी सांगणे शक्यही नसते. परंतु मधुमेही माणसाचा पडदा मोतीबिंदू दाट होण्यापूर्वीच एकदा पाहिलेला असेल, तर त्या कुटुंबाला काय अपेक्षा धरावी ते आधीच सांगता येते.

पडद्याला सुटे भाग नसले तरी वेळेवर आलेल्यास उपाय आहे. जर्मन डॉक्टर मायर-श्विकराट यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण पाहिले. ग्रहणाने पडद्यावर डाग पडला, तेही न दुखता. त्यांच्या मनात आले की जो उजेड भाजतो तोच मोजून मापून वापरला तर पडद्याला टाके घालता येतील. त्यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशच रुग्णाच्या डोळ्यात सोडून उपचार केले. पुढे त्याची जागा प्रखर दिव्यांनी आणि नंतर लेसरने घेतली. मधुमेहाच्या पडद्यावर लेसरचा उपयोग होतो काय याची मोठी तुलनात्मक चाचणी अमेरिकेत झाली आणि १९७६ साली तिचे उत्तर मिळाले : कच्च्या वाहिन्या उगवलेल्या डोळ्यांत लेसरने दृष्टी गमावण्याचा गंभीर धोका निम्म्याहून अधिक घटतो. लेसर पडद्याच्या कडेचा काही भाग भाजून टाकतो, जेणेकरून प्राणवायूची मागणी घटते आणि मधला भाग वाचतो. दुष्काळात जनावरांसाठी चारा पुरवावा म्हणून शेतकरी काही जनावरे विकतो, तसाच हा कठीण हिशेब. लेसरने गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकते. गेल्या वीस वर्षांत डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आली, त्यांनी पीतबिंदूची सूज उतरते व अनेकांची नजर काही प्रमाणात सुधारतेही. मात्र ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

‘आहे ती टिकते’ या तीन शब्दांमुळेच देणगी मागताना आमची अडचण होते. म्हाताऱ्या आजीने नातवाला ओळखले, याचे छायाचित्र अहवालात छापता येते. चाळीस वर्षांच्या शिक्षकाची नजर पाच वर्षांपूर्वी होती तेवढीच आहे, याचे छायाचित्र कसे काढावे? परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता मुद्दल शाबूत राखणे हे काही कमी काम नव्हे. हा खर्च उत्पन्नासाठी नाही, मालमत्ता बुडू नये म्हणून आहे. आणि ही मालमत्ता पुन्हा विकत मिळत नाही.

या शीर्षाखाली पैसा नेमका कशावर जातो तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली बाब पाहण्याची. जिवंत माणसाचा पडदा पाहण्याचे साधन जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे ठेवले; त्यापूर्वी बाहुलीच्या काळ्या गोलाच्या पलीकडे काय आहे ते कोणास दिसत नव्हते. आता बाहुली थेंबांनी मोठी करून पडद्याचे रंगीत छायाचित्र घेता येते, आणि ते दूरच्या पडदातज्ज्ञांस त्याच दिवशी पाठविता येते. छायाचित्र काढण्यास प्रशिक्षित कर्मचारी पुरेसा असतो. उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची वाट पाहत पाहणी थांबवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

दुसरी बाब प्रवासाची. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तरी लेसरसाठी आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपणांस रुग्ण अकोल्यास अथवा नागपूरला पाठवावा लागतो. आपण चिठ्ठी देतो. चिठ्ठी घेऊन रुग्ण घरी जातो, आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या आतल्या गावाहून निघालेल्या माणसाला एक दिवस, सोबतच्या माणसाचा एक दिवस, दोघांचे भाडे, आणि ते दिवस सोंगणीचे असले तर मजुरी बुडणे. उपचार सवलतीत मिळाले तरी हा खर्च त्याच्या खिशातून जातो. त्यातून डोळा दुखत नाही आणि दिसतही असते. मग तो म्हणतो, तूर निघाली की जाऊ. म्हणून रुग्ण व एक सोबती यांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि गेला की नाही याची दूरध्वनीवरून चौकशी, हे दोन्ही या शीर्षात घातले आहे. या खर्चाच्या नावाने कोठेही पाटी लावता येत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. शस्त्रक्रियागृहाला वडिलांचे नाव देता येते, एस.टी.च्या तिकिटाला देता येत नाही. ज्या कारणासाठी देणगी मिळाली त्याच कारणासाठी ती खर्च करण्याचे बंधन संस्थेवर आहे आणि ते योग्यच आहे; म्हणून या शीर्षासाठी वेगळी विनंती करावी लागते.

तिसरी बाब बालकांची, आणि तिच्याविषयी आम्ही थोडे अधिक आग्रहाने बोलणार आहोत. पडद्याच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि दिवस पूर्ण भरेपर्यंत त्यांची वाढ चालू असते. अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले की ही वाढ अर्धवट राहते व पुढे ती वाकडी जाऊ शकते. अशा बाळाच्या डोळ्यांत घरच्यांना काहीच वेगळे दिसत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपर्यंत वजन असलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा, फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी, असा देशातील तज्ज्ञांचा निर्देश आहे. उपचाराची वेळ दिवसांत मोजायची असते. ती टळली तर पडदा पूर्ण सुटून बाळ आयुष्यभरासाठी अंध होते. शेजारच्या कर्नाटकात बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून कॅमेरा गाडीत घालून जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात शिशु विभागांत नेण्याचा उपक्रम चालविला. प्रशिक्षित तंत्रज्ञ छायाचित्र घेतात आणि डॉक्टर दूर बसून ती पाहतात. आपली झेप तेवढी नाही. आपल्या विभागातून घरी जाणाऱ्या अशा प्रत्येक बाळाच्या कार्डावर तपासणीची तारीख लाल शाईने लिहून द्यावी आणि त्या दिवशी आईला आणण्याची व्यवस्था करावी, एवढे मात्र आपण करू शकतो आणि तेवढ्यापुरतीच तरतूद मागितली आहे. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढायचे नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, या बाळांच्या बाबतीत सव्वा महिना थांबू नये.

काही प्रसंगांत मात्र पडदा इशारा देतो. अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे वाटणे, एकाएकी काळ्या माश्यांचा थवा दिसू लागणे, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत येणे, ही पडदा फाटल्याची अथवा सुटत असल्याची लक्षणे असू शकतात. एखाददुसरी माशी वर्षानुवर्षे दिसत असेल तर बहुधा चिंतेचे कारण नसते. पण एकाएकी असे झाले तर त्याच दिवशी यावे. मधला पीतबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नजर राहण्याची आशा पुष्कळ असते. पूर्वी सुटलेल्या पडद्यावर उपायच नव्हता. स्वित्झर्लंडचे डॉ. गोनां यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फाटलेली जागा शोधून बंद करण्याचे तंत्र दाखविले, तेव्हापासून हा डोळा वाचू लागला.

आता उपस्थित नातेवाईकांसाठी तपासणीविषयी थोडी व्यावहारिक माहिती. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तो ज्या दिवशी कळला त्याच सुमारास एकदा आणि त्यानंतर दरवर्षी पडदा तपासून घ्यावा, दिसत असले तरी. लहान वयात इन्सुलिन लागलेल्या मुलांच्या बाबतीत पहिली तपासणी केव्हा ते डॉक्टर सांगतील. मधुमेही महिलेस दिवस राहिले तर लवकर यावे, कारण त्या काळात पडद्याचा बिघाड वेगाने वाढू शकतो. तपासणीस येताना साखरेचे व रक्तदाबाचे जुने कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि चष्मा बरोबर आणावा. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते व उन्हाचा त्रास होतो. तो त्रास तात्पुरता असतो. त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवीत परत जाऊ नये. सोबत एक माणूस असावा, डोक्याला टोपी किंवा रुमाल असावा. परतीची शेवटची एस.टी. दुपारचीच असेल तर तसे नोंदणीच्या खिडकीवर आल्याआल्या सांगावे, म्हणजे थेंब घालण्याचा क्रम त्याप्रमाणे लावता येतो.